बैठकीची खोली

पौषातल्या सकाळी सोसायटीचं फाटक उघडायला गेलं की कडी तळहाताला चावते. थंड लोखंडाला एक वास असतो. तो हाताला लागला की मी तिथंच क्षणभर उभी राहते. दूधवाला मागून म्हणतो, "आजी, जरा सरका की." मी सरकते, पण सगळी सरकत नाही. माझ्यातलं काहीतरी त्या वासाबरोबर मागं जातं. पवना नदीवरून उठलेल्या धुक्यात रेल्वेचे रूळ बुडालेले असतात, साडेसहाचा भोंगा झालेला असतो आणि मफलर गुंडाळलेल्या माणसांच्या सायकली त्या धुक्यातून एकेक करून नुसत्या घंटीच्या आवाजाने ओळखू येत असतात.

हिवाळे पुष्कळ आले आणि गेले. मला आठवतो तो एकच. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. माझं वय तेवीस. आम्ही चिंचवड गावठाणात दोन खोल्यांत राहायचो. वडील, म्हणजे अण्णा, शाळामास्तर. आई नव्हती. मी पिंपरीच्या एका कारखान्यात वेल्फेअर ऑफिसरांची टायपिस्ट होते. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही यंत्रं चालवायची. खिडकीतून समोर कँटीन दिसायचं आणि कँटीनच्या मागं पत्र्याची एक शेड. शिफ्ट सुटली की त्या शेडमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. आधी एक दबलेला हुंकार, मग शांतता, मग तो आवाज. दुपारच्या कलत्या उन्हात, स्टेन्सिलच्या शाईच्या वासात, मला तो आवाज पार दुसऱ्या गावाहून आल्यासारखा वाटायचा. शेडमध्ये मी कधी गेले नव्हते. बायका तिकडे जात नसत.

शेड इस्माईलभाईंची. म्हणजे कंपनीचीच, पण सगळे तसंच म्हणायचे. इस्माईलभाई मेंटेनन्सचे जुने मेकॅनिक, पन्नाशी ओलांडलेले, मान आणि खांदा वेगळे ओळखू न येणारे. तरुणपणी ते भारोत्तोलन करायचे. त्यात तेव्हा एक उचल अशी होती, की वजन खांद्यापाशी आणायचं आणि पाय न हलवता, नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचं. ती त्यांची उचल. त्यात ते कुणाला हार जायचे नाहीत. पुढं पुढं लोक मागं झुकून, छाती वर काढून ढकलायला लागले. किती झुकलेलं चालेल यावर पंचांचं एकमत होईना. एक पंच होय म्हणायचा, दुसरा नाही. शेवटी बाहेरच्या देशात कुठंतरी बैठक बसली आणि ती उचल स्पर्धेतूनच काढून टाकली.

"पंचांना बघता येईना, म्हणून माझी उचल मेली, सुमनताई," ते मला एकदा म्हणाले होते. रजेचा अर्ज द्यायला आले होते, आणि माझ्या टेबलापाशी उभे राहून दोन्ही हात नकळत खांद्यापाशी नेले होते. "उचल वाईट नव्हती. बघणारा कमी पडला."

म्हणून मग ते स्वतः पंच झाले. आता शक्तितोलन नावाचा नवा खेळ येत होता. त्यालाच पोरं पॉवरलिफ्टिंग म्हणायची. त्यात तीन प्रकार : खांद्यांवर भार घेऊन बैठक, बाकावर पडून छातीवरून रेटणं आणि जमिनीवरून कमरेपर्यंतची उचल. समोर आणि दोन बाजूंना मिळून तीन पंच. प्रत्येकाच्या हातात एक बटण. पांढरा दिवा लागला तर मान्य, लाल लागला तर बाद. तिघांपैकी दोघांचं मत चालायचं. इस्माईलभाईंनी कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडून सहा दिव्यांची एक फळी करून घेतली होती. ती ते रोज फडक्याने पुसायचे.

दिवाळी संपून ऑफिसं उघडली, त्या आठवड्यात साहेबांनी माझ्यापुढं कागदांचा एक गठ्ठा टाकला. परदेशात नियम बदलले होते. त्याची इंग्रजी प्रत फिरत फिरत आमच्यापर्यंत आली होती. "पोरांना इंग्रजी येत नाही," साहेब म्हणाले. "मराठी करून टाका. इस्माईलला दोन प्रती द्या, बाकी पोरांत वाटा." इस्माईलभाई उर्दू आणि मराठी उत्तम वाचायचे. इंग्रजीच्या बाबतीत त्यांचा सगळा भरवसा माझ्यावर होता.

मी कागद घरी नेले. संध्याकाळी कंदिलाची काच पुसून ठेवली, कारण वीज केव्हाही जायची. टेबलाच्या एका बाजूला अण्णा मुलांच्या वह्या तपासत बसलेले, दुसऱ्या बाजूला मी. गुडघ्यांना बांधायच्या पट्टीची लांबी, कमरपट्ट्याची रुंदी, छातीवर दांडी किती वेळ स्थिर ठेवायची, हे सगळं सरळ होतं. मला ते लिहिताना मजाच येत होती. जिथं आपण कधी पाऊल टाकणार नाही, त्या शेडमधले कायदे माझ्या अक्षरात उमटत होते.

मग बैठकीची खोली किती असावी, ते कलम आलं. बैठकीची खोली म्हणजे पाहुण्यांना बसवायची, एवढंच तोवर मला ठाऊक. इथं ती शरीराने मोजायची होती. पायाचा वरचा भाग जिथं कमरेच्या सांध्याला मिळतो, ती जागा गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेली पाहिजे, असं त्या इंग्रजी वाक्याचं म्हणणं. मी अण्णांचा शब्दकोश उघडला. शब्द समोर होता. जांघ.

मी पेन उचललं आणि तसंच धरून बसले. हा शब्द मी घरात कधी उच्चारला नव्हता. लहानपणी तिथं गळू झालं होतं, तेव्हा आईने डॉक्टरांना "वरच्या बाजूला" असं सांगितलं होतं. उद्या हा शब्द मी टाइप करणार, साहेब वाचणार, शिपाई सायक्लोस्टाइल फिरवताना वाचणार, आणि शंभर पुरुषांच्या हातात तो कागद जाणार, खाली माझ्या नावाची आद्याक्षरं.

"काय अडलंय?" अण्णांनी वहीतून मान न काढता विचारलं.

"काही नाही, अण्णा."

मी लिहिलं : मांड्या गुडघ्यांच्या रेषेत येईपर्यंत खाली बसावे.

वाक्य नीटस दिसत होतं. मला वाटलं, अर्थ तोच आहे, फक्त सभ्य शब्दांत आहे. बैठक मी कधी पाहिली नव्हती. माणसाची मांडी आडवी झाली, तरी तिच्या मुळाची जागा गुडघ्याच्या माथ्यापेक्षा दोन बोटं वर राहते, हे मला कळायचं काही कारण नव्हतं. साहेबांनी न वाचताच सही केली.

त्या हिवाळ्यात थंडी लवकर पडली. सकाळी फाउंड्रीच्या दारातून लाल उजेड बाहेर धुक्यावर सांडायचा आणि त्या उजेडातून माणसं आत जायची. त्यांतला एक बबन. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुरुळीचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, साच्यांची वाळू झटकायच्या कामावर टेंपररी लागलेला. सहा महिने भरत आले की टेंपररी माणसाला ब्रेक मिळायचा. पुन्हा बोलावतील याची खात्री नसायची. पण साहेबांनी त्याला शब्द दिला होता : राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत ये, तुझा कागद मी पर्मनंटसाठी वर पाठवतो.

फॉर्म भरायला बबन माझ्या खिडकीशी यायचा. आत येऊन खुर्चीवर बसायचा नाही. एकदा रुमालात हुरडा बांधून घेऊन आला, अजून कोमट होता.

"आयनं दिलाय, बाई. म्हनली, ज्या बाईनं कायदा लिवलाय, तिला दे."

"सराव कसा चाललाय?"

"झ्याक हाय. इस्माईलभाई लई कडक. एक सूतभर बी सोडत न्हाईत."

सूतभर हे अक्षरशः खरं होतं. ते मला नंतर समजलं. इस्माईलभाईंनी माझा कागद पाठ केला होता. मेकॅनिक माणूस, रेषेत म्हणजे रेषेत. ते बबनला रिकामी दांडी खांद्यावर देऊन खाली बसवायचे आणि त्याच्या मांडीवर पाणसळ ठेवायचे, यंत्राचा पाया समतल आहे का ते बघायची असते ती. आतला हवेचा बुडबुडा बरोबर मधोमध आला की म्हणायचे, "बस. इथंच. ही जागा ध्यानात ठेव." महिना-दीड महिना रोज तेच. बबनच्या शरीराला ती जागा इतकी मुरली, की डोळे मिटूनही तो बरोबर बुडबुड्याच्या मध्यावर थांबायचा आणि उठायचा. वर वजन वाढत गेलं. शेडमधून येणारा आवाज जड होत गेला. खिडकीपाशी बसून मी तो ऐकायची, आणि कसलाच संबंध नसताना मला माझाच अभिमान वाटायचा. आपण लिहिलेल्या वाक्यावर तिथं कुणीतरी भार पेलतंय, असं काहीतरी.

त्या दिवसांचं ऊन अजून माझ्या अंगावर आहे. मार्गशीर्षातलं, पाठीवर शाल टाकल्यासारखं. नदीच्या काठावर बायका गोधड्या वाळत घालायच्या. स्टेशनच्या पलीकडे तुरीच्या शेंगा विकायला बसलेली म्हातारी असायची. कुठं काही बिघडेल, असं त्या हवेत वाटतच नव्हतं.

स्पर्धा पौषात झाली, लांबच्या एका शहरात. इस्माईलभाई आणि बबन रेल्वेने गेले. चौथ्या दिवशी परत आले. कारखान्यात बातमी आधीच फिरली होती. बबनच्या तीन बैठका, तिन्ही बाद. एकही बैठक मान्य नाही, म्हणजे पुढच्या दोन प्रकारांचा प्रश्नच नाही. स्पर्धेतून बाहेर. आठवडाभरात त्याचे सहा महिने भरले. ब्रेक मिळाला. तो माझ्या खिडकीशी न येताच गावी गेला.

दोन दिवसांनी इस्माईलभाई आले. दाढी वाढलेली. या वेळी खुर्चीवर बसले.

"एक अर्ज टाइप करायचाय, ताई. मी सांगतो."

मी कागद चढवला. ते सांगत गेले. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. माझ्या चुकीच्या निकालांमुळे एका गुणी खेळाडूचं नुकसान झालं. तरी मला पंचाच्या कामातून मोकळं करावं. ते सावकाश, शब्द जुळवत बोलत होते, आणि मी टाइप करत होते.

"पण तिथं झालं काय?" मी विचारलं.

"काय होणार. पोरगं बसलं, उठलं. लोण्यासारखं उठलं. मी टाळी वाजवली. वर बघतो तर तीन लाल." त्यांनी तीन बोटं दाखवली. "दुसऱ्यांदा तीन लाल. तिसऱ्यांदा दोन लाल, एक पांढरा. लोक हसायला लागले. वर, वर, अजून वरच आहे, म्हणून ओरडायला लागले."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"दिव्याशी भांडायचं नसतं, ताई. मीही पंच आहे. पण संध्याकाळी तिथले एक पंच भेटले, भला माणूस. म्हणाले, 'भाई, तुम्ही मांडी बघताय. मांडी कशाला बघता? जांघ बघायची. जांघेची घडी गुडघ्याच्या खाली.' आता कागदात तर मांडी आहे. म्हणजे मला कागदसुद्धा नीट वाचता येईना झालाय."

माझी बोटं यंत्रावर थांबली. कँटीनमधून कपबशा धुतल्याचा आवाज येत होता. मला तेव्हाच सगळं कळलं. कपाटात ती इंग्रजी प्रत होती, माझ्या हातापासून तीन फुटांवर. ती काढून बघायची गरजसुद्धा नव्हती.

आणि मी काय केलं, तर अर्ज पुरा केला. कागद काढला, त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी सही केली. "साहेबांना देते," मी म्हणाले, आणि ते गेल्यावर अर्ज ड्रॉवरमध्ये सरकवून टाकला.

तीन दिवस तो तिथं होता. त्या तीन दिवसांचं मला काहीच नीट आठवत नाही. धुकं आठवतं. चालताना पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटायचं. शेडमधून आवाज यायचा बंद झाला होता, कारण इस्माईलभाईंनी शेडला कुलूप घातलं होतं. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी इंग्रजी प्रत आणि माझा मराठी कागद घेऊन मेंटेनन्स खात्यात गेले. इस्माईलभाई एका मोटारीचं बेअरिंग काढत होते. यंत्रांच्या गडगडाटात मला ओरडूनच बोलावं लागलं.

"तुमची नजर चांगली आहे! चूक माझी आहे! मला शब्द माहीत होता, मी लिहिला नाही!"

त्यांनी हात पुसले. दोन्ही कागद घेतले, इंग्रजीचा उलटसुलट करून बघितला, परत दिला. मग म्हणाले, "मी त्याच्या मांडीवर पाणसळ ठेवायचो. रोज." एवढंच. आणि मग, "अर्ज कुठंय?" मी ड्रॉवरमधला अर्ज आणून दिला. तो त्यांनी चार तुकडे करून खिशात घातला.

"गुरुवारी सुट्टी आहे," ते म्हणाले. "कुरुळीला जाऊ. त्याला तुम्ही सांगायचं. मी बरोबर येतो, पण सांगायचं तुम्ही."

भोसरीहून एसटी मिळाली. मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली, तेव्हा पाण्यावर पांढरी वाफ होती. फाट्यावर उतरून आम्ही बांधाबांधाने चालत गेलो. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. कांद्याची काढणी चालली होती. हवेत तो गोड, तिखट, डोळ्यांच्या मागं जाऊन बसणारा वास. शेतात बायकांची ओळ उकिडवी बसलेली, विळ्याने पात कापत, न उठता तशीच पुढं सरकत. बबन टोकाला कांद्याच्या ढिगापाशी होता. आम्हाला बघून उठला.

"बाई, तुमी? इस्माईलभाई? काय झालं?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शब्दकोश, अण्णा, पेन. वाटेत पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. तो ऐकत होता. हातातल्या कांद्याची माती अंगठ्याने काढत होता.

"म्हंजी," तो म्हणाला, "आनखी खाली जायचं व्हतं."

"हो."

"मला जाता आलं आसतं. मला कुनी सांगितलंच न्हाई."

"हो."

"मी तीन येळा बरूबर बसलो, बाई. तीन येळा. मी उठलो तवा मला वाटलं, झालं आपलं काम. आन् लोकं हसत व्हती. मला वाटलं, माजी चड्डी फाटली का काय." त्याने कांदा ढिगावर टाकला. आवाज चढला नाही, पण मान वळवून तो दुसरीकडे बघायला लागला. "आयला मी सांगून ठिवलं व्हतं, आता पर्मनंट व्हतो म्हनून."

त्याची आई ओळीतून उठून आली. नऊवारीचा काष्टा, हाताला मातीचा थर. "काय म्हनत्यात पाव्हनं?"

"काय न्हाई. बाईंनी जांघ लिवायची लाज धरली."

तिला आधी काही समजलं नाही. त्याने सांगितल्यावर ती माझ्याकडे बघून हसली, अगदी मायेनं. "मग? बाईमानूस. कशी लिवंल?"

रागावलेल्या बबनपुढं मी उभी राहू शकत होते. तिच्या त्या हसण्यापुढं मला उभं राहवेना. तिने मला सहज सोडून दिलं होतं, आणि मला तसं सुटायचं नव्हतं.

"लिहायला हवं होतं," मी म्हणाले. "माझं कामच ते होतं."

बबनने मान वळवली. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"मग आता लिवा," तो म्हणाला.

इस्माईलभाईंनी तिथंच, शेतात, त्याला बसायला लावलं. खांद्यावर फावड्याचा दांडा. बबन बुडबुड्याच्या जागेपर्यंत गेला आणि थांबला, त्याचं शरीर तिथंच थांबायला शिकलं होतं. "खाली," इस्माईलभाई म्हणाले. "अजून खाली." तो हलेना. मागं बायकांची ओळ बसलेली होती, दिवसभर त्या सगळ्याच त्या रेषेच्या खाली. त्याची आई ओरडली, "आरं बस की! रोज काय खुर्चीवर जेवतोस व्हय?" बायका हसल्या. बबनही हसला, नाइलाजाने, आणि हसता हसता खाली गेला. मी तेव्हा पहिल्यांदा बैठक पाहिली. ज्या शब्दाला मी घाबरले होते, ती नुसती एक घडी होती, खाकी चड्डीवरची, मळलेली.

परत आल्यावर मी नवं स्टेन्सिल कापलं. कलम जसंच्या तसं, शब्द जसाच्या तसा. साहेबांनी या वेळी वाचलं. लाल पेन्सिलीने शब्दाभोवती गोल काढला.

"हे जरा बदला. बरं दिसत नाही."

"नाही बदलता येणार, साहेब," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "शब्द बदलला तर बैठक बदलते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मग मी दुसरा कागद पुढं केला. माझी चूक, बबनचं नुकसान, आणि त्याला परत घेण्याची विनंती, असं सगळं त्यात लिहिलं होतं. तो त्यांनी दोनदा वाचला. "पर्मनंटची यादी वर गेली, सुमनबाई. टायपिस्टच्या चुकीसाठी यादी परत येत नाही." कागद त्यांनी फाइलला लावला. पुढं त्याचं काहीही झालं नाही. मी आणखी दोनदा आठवण केली, तेव्हा त्यांनी मला हळूच समजावलं की मी माझी नोकरी सांभाळावी.

माघ संपत आला, शिमगा तोंडावर आला. निंबांची पानं गळून रस्ताभर पिवळी पखरण झाली होती. चिंचवडातल्या एका तालमीने खुली स्पर्धा ठेवली. कारखान्याचा शिक्का नाही, मोठं बक्षीस नाही. मुख्य पंच इस्माईलभाई. ते आदल्या दिवशी आमच्या घरी आले आणि अण्णांसमोरच म्हणाले, "मास्तर, बाजूच्या खुर्चीवर मला सुमनताई पाहिजेत. तिसरा पंच मिळेना. आणि ते कलम यांच्याइतकं कुणाला पाठ नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "नीट बघ म्हणजे झालं."

दुपारची वेळ होती. मैदानात फळ्यांचा मंच. मी उजव्या अंगाला बुटक्या स्टुलावर बसले, डोळे उठणाऱ्या-बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीला यावेत म्हणून. माणसं माझ्याकडे बघून कुजबुजली, मग हळूहळू सरावली. बबन आला. राज्य स्पर्धेत होतं त्याच्यापेक्षा दांडीवरचं वजन बरंच कमी केलेलं होतं. दोन बोटं जास्त खाली जायचं, तर तेवढं उतरावंच लागतं.

त्याने दांडी खांद्यांवर घेतली, दोन पावलं मागं आला, थांबला. इस्माईलभाईंचा हात खाली आला. बबन खाली जाऊ लागला. ती बैठक किती वेळाची असेल, चार श्वासांची. मला मात्र ती एका दुपारएवढी वाटली. प्लेटांवर ऊन होतं. गुडघ्यांच्या पट्ट्या कुरकुरत होत्या. तो जुन्या जागेपाशी आला आणि तिथं एक कंप आला. शरीर म्हणत होतं, झालं. मग तो त्या जागेतून खाली गेला. घडी गुडघ्याच्या माथ्याखाली उतरली, मला स्पष्ट दिसली, आणि त्यानंतर तो वर येतानाचं काही मला दिसलंच नाही. तो वर आला, दांडी घोडीवर ठेवली, तरी मी तिथंच बघत होते.

"सुमनताई," इस्माईलभाई म्हणाले, "दिवा."

फळीवर दोन पांढरे लागले होते. तिसरी जागा अंधारी होती. मी बटण दाबलं. पांढरा.

बबन त्या दिवशी दुसरा आला. पण कंपनीत परत आला नाही. त्या यादीतली माणसं पर्मनंट झाली, त्यांच्या पोरांच्या बारशांची आमंत्रणं माझ्या टेबलावर येत राहिली. बबनने काही दिवस ट्रकवर क्लीनरचं काम केलं, मग शेतीच बघू लागला. इस्माईलभाई रिटायर झाले. मी पंचाची रीतसर परीक्षा दिली. नियम बदलतच राहिले. पट्ट्यांची लांबी बदलली, पोशाख बदलले. प्रत्येक नवा कागद माझ्याकडे यायचा. मराठी करायला घेण्याआधी मी शेडमध्ये जाऊन ती उचल एकदा कुणाकडून तरी करवून घ्यायची.

ऐंशी साल उलटल्यानंतरच्या एका हिवाळ्यात, चाकणला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. परतीच्या एसटीसाठी उभी असताना बबन भेटला. कांद्याची पोती उतरवून आला होता. अंगाने सुटला होता, कडेवर एक मुलगी. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. त्याची आई बरी होती. इस्माईलभाईंचे गुडघे दुखायचे. लांबून बस येताना दिसली, तेव्हा मी मनात इतकी वर्षं ठेवलेलं विचारलं.

"बबन, तुझा राग गेला का रे?"

त्याने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. विचार करून बोलला.

"न्हाई, बाई. गेला न्हाई. पन आता रोज येत न्हाई."

खरं सांगितल्याबद्दल मी त्याचे आभार मानले. त्याने गर्दीत पुढं घुसून मला खिडकीजवळची जागा धरून दिली.